कळपापुढची जागा

आमच्या शेडमध्ये दूध थंड करायच्या टाकीच्या वर, भिंतीला, पोळपाटाएवढी एक करडी पेटी आहे. ती मी माझ्या हाताने बसवली, तेव्हा या घराशी माझा काही संबंध नव्हता. मी हॅमिल्टनच्या एका कंपनीत नोकरीला होते. हौराकीच्या सपाटीवर शेतोशेती हिंडून गाईंच्या गळ्यात पट्टे बांधायचे, हे माझं काम. पट्टा गाईला हळूच आवाज देतो. इकडे वळ, इथे थांब, दुधाची वेळ झाली, चल. मग तारेचं कुंपणही लागत नाही आणि भुंकणारं कुत्रंही.

"आणि ही भिंतीवरची काय करते? नुसती दिवे मिचकावते?" नॅनने मला विचारलं होतं. नॅन म्हणजे या घरची म्हातारी, राहायला जवळच. तिला सगळी पंचक्रोशी नॅनच म्हणते.

मी तिला समजावलं. पट्टे खाली, गाईंच्या गळ्यात. मोठी यंत्रं दूर समुद्रापलीकडे, सिडनीला; त्यांना आम्ही ढग म्हणतो. पण गाय चराच्या कडेला पाय घालायला निघाली, तर ढगाला विचारून उत्तर येईपर्यंत ती चरात पडलेली असते. म्हणून मध्ये ही पेटी. ढगाच्या खाली, जमिनीला लागून असते ते धुकं, म्हणून आमच्या धंद्यात हिला धुकं म्हणतात. ही इथल्या इथे ठरवते, वर नुसतं सार कळवते, आणि बाकीचं थोडे दिवस ठेवून विसरून जाते.

"म्हणजे आमच्यातली एखादी मावशी की," नॅन म्हणाली. "ऐकायचं सगळं, वर सांगायचं अर्धं, आणि घर आपणच चालवायचं."

शेजारी तिची लेक उभी होती. ती एवढी हसली की हातातली पाण्याची नळी सुटून माझ्या गमबुटात पाणी गेलं. तिचं नाव हुहाना. एरुची बायको.

पहिली.

एरुच्या जमिनीला चर फार. काळी, भुसभुशीत दलदलीची जमीन, उन्हाळ्यात जळते आणि पावसाळ्यात बुडते. चरांवरचे पूल अरुंद, म्हणून पट्टे असले तरी कळपाबरोबर एक माणूस चालावा लागतो. तो माणूस कुठे आहे हे पेटीला कळायला हवं, नाहीतर ती गाई त्याच्या अंगावर घालायची. माणसाच्या गळ्यात पट्टा नसतो. पेटी त्याला दुसऱ्या रीतीने ओळखते. गाय माणसापासून ठरावीक अंतर राखते. पडद्यावर गाई म्हणजे ठिपके; त्या ठिपक्यांच्या मधोमध जी मोकळी जागा सरकत राहते, तो माणूस. अशी जागा पहिल्यांदा सापडली की पेटी विचारते, हा कोण? आपण नाव घालायचं.

सगळे गुराखी मागून हाकतात. हुहाना पुढे चालायची. दोन्ही हात पाठीशी बांधून, एकदाही मागे न बघता, आणि कळप तिच्यामागून यायचा. मी पडद्यावर पाहिलं होतं. पाटाभोवती रांगोळी काढावी तशा गाई तिच्यामागे अर्ध्या गोलात, आणि पुढे ती, अंड्याच्या आकाराची मोकळी जागा. मीच त्या जागेवर तिचं नाव घातलं होतं. बाई आवडली होती मला.

पुढच्या हिवाळ्यात डोक्यातली शीर फुटून ती गेली. मी मयताला आले होते, बाबांना घेऊन. माझे बाबा मांगेरेच्या आमच्या टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांच्या, चर्चमध्ये प्रवचन करतात. त्या दिवशी ते बोलले कमी आणि गायले जास्त, आणि एरु त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्यानंतर पेटीत काही बिघाड झाला की तो कंपनीला फोन करायच्या ऐवजी मला करायचा. मग बिघाड नसतानाही करायला लागला.

आमच्या लग्नाला नॅनने हरकत घेतली नाही. उलट बटाट्याच्या खमिराचा मोठा पाव भाजून आणला. पण घरात पाऊल टाकलं की ती आधी भिंतीवरच्या हुहानाच्या फोटोपाशी जाते, नाक काचेला टेकवते आणि तिच्याशी बोलते. नॅन इथल्या मूळच्या लोकांतली; त्यांच्यात गेलेल्या माणसाशी असंच बोलतात, समोर बसल्यासारखं. मला हे ठाऊक होतं, पटतही होतं.

"कशी आहेस, बाय? बघ, ही तुझी लेसिएली चहात साखर घालायला विसरली पुन्हा. तू सांगत जा गं तिला."

"नॅन, साखर तुम्हाला डॉक्टरांनी बंद केलीय."

"ऐकलंस, हुहाना? डॉक्टरचं ऐकते ही."

सगळे हसायचे, मीही. नॅनच्या बोलण्यात विष नव्हतं. विष माझ्यात होतं, थेंबाथेंबाने साठत होतं. फडताळातल्या बरण्या हुहानाने लावलेल्या क्रमाने होत्या; मी बदलला क्रम, तर एरुचा हात सवयीने जुन्या जागी जायचा आणि हवेत थांबायचा. हात थांबायचा, तेवढंच. त्या थांबलेल्या हाताचा मला जो राग यायचा तो मी कुणाला सांगू शकत नव्हते. जिवंत सवतीशी भांडता येतं. तिच्यात खोट काढता येते. ही तर सगळ्यांच्या आठवणीत रोज थोडी जास्त चांगली होत होती.

आणि गाई. मी मागून चालायचे, पट्टे आवाज द्यायचे, गाई निघायच्या. पण रेंगाळत, माना वळवून, जशा भाड्याच्या माणसाबरोबर निघाव्यात तशा. एरु शेडच्या फाटकाशी उभा राहून म्हणायचा, "असू दे लेसी, सवय होईल." कुणाला होईल, मला की गाईंना, हे काही त्याने सांगितलं नाही.

पानगळ लागली आणि पिआको नदीवरून धुकं यायला लागलं. इथे ते सकाळी येतं आणि बांध ओलांडून कुरणात बसून राहतं. काहिकातेआच्या झाडांचे नुसते शेंडे वर राहतात. आम्ही त्या दिवसांत उजाडल्यावरच दूध काढतो, तरी दहा पावलांवरची गाय दिसत नाही.

अशाच एका सकाळी मला जाणवलं की गाई चांगल्या चालतायत. रेंगाळणं नाही, मान वळवणं नाही. पुलावर धक्काबुक्की नाही. कळपाचा नुसता एकसारखा श्वास आणि चिखलातला खुरांचा चप्-चप् आवाज. मला आनंद झाला. सवय झाली म्हटलं.

दूध काढून झाल्यावर मी पेटीचा पडदा उघडला. वर ढगात गेलेल्या सारात लिहिलं होतं: गुराखी एक, सर्व ठीक. पेटीत मात्र सकाळची सगळी हालचाल अजून होती. मी ती पाहिली. कळपाच्या मागे एक छोटी मोकळी जागा होती, मी. तिच्यावर माझं नाव होतं. आणि कळपाच्या पुढे दुसरी होती, मोठी, अंड्याच्या आकाराची. गाई तिच्यामागे अर्ध्या गोलात चालत होत्या. तिच्यावर नाव होतं, हुहाना.

मी घाबरले नाही. माझा तो धंदा होता. पेटी शिकते, आणि शिकलेलं कधी कधी चिकटून राहतं. पट्ट्यांना ती जुन्याच रीतीने चालवत असणार, पुढे माणूस आहे असं धरून. मग गाई त्या जागेवर पाय कशाला घालतील? मी हॅमिल्टनला जुन्या सोबत्याला फोन केला. बॅरी त्याचं नाव.

"वरून तर सगळं झकास दिसतंय गं," बॅरी म्हणाला. "एक माणूस, एक कळप."

"वर नाही रे, खाली दोन दिसतायत."

"मग खालचं खाली निस्तर. त्यासाठीच तर धुकं ठेवलंय. आणि काय गं, लग्न मानवलं ना? आवाज सुकलाय तुझा."

मी ठरवलं, रविवारी निवांत साफ करू. त्याला काही घाई नव्हती.

पण शुक्रवारी दुपारी मी टाकी धुवायला शेडमध्ये शिरले तर एरु पेटीसमोर उभा होता. दुपारच्या दुधाला अवकाश होता, त्याचं तिथे काही काम नव्हतं. टोपी काढून हातात धरली होती. पडद्यावर सकाळची हालचाल चालू होती आणि तो त्या पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहत होता. मला पाहून दचकला नाही. दचकला असता तर मला बरं वाटलं असतं.

"जुनं काहीतरी राहिलंय पेटीत," तो म्हणाला.

"माहीत आहे. काढून टाकते."

"असू दे की," एरु म्हणाला. "कुणाचं काय अडतंय."

मला तो हेच म्हणायचा. असू दे लेसी. तेव्हा ती समजूत होती. आता त्याच शब्दांत लाड होता.

तो बाहेर गेल्यावर मी पेटीची स्मृती पुसली. एखादी ओळ किंवा एखादं नाव काढलं नाही, मुळापासून सगळं पुसलं. ज्या दिवशी डब्यातून काढली त्या दिवशी होती तशी कोरी केली. दिवे विझले, पुन्हा लागले. ती आता काही जाणत नव्हती. ना गाई, ना वाटा, ना माणसं.

दुपारच्या दुधासाठी मी गमबूट चढवत होते. कुरणात कुणी नव्हतं. एरु शेडच्या मागे पंपाशी खटपट करत होता, त्याची शीळ ऐकू येत होती. धुकं त्या दिवशी उठलंच नव्हतं. पेटीने बारीक आवाज दिला. मी वर पाहिलं.

पडद्यावर सगळ्या गाई उठून उभ्या होत्या. अर्ध्या गोलात. आणि त्यांच्यासमोर अंड्याच्या आकाराची मोकळी जागा होती.

खाली लिहिलं होतं: नवा गुराखी सापडला. नाव?

कोरी पेटी. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिने समोर होतं ते पाहिलं आणि विचारलं, एवढंच.

खरं सांगायचं तर भीती मागाहून आली. आधी आला तो संताप. इथेही तूच? मी घर झाडते, मी चिखलात उतरते, त्याच्या पाठीला मी मलम लावते, आणि गाई उठून उभ्या राहतात त्या तुझ्यासाठी? पडद्यावर नावाची चौकट लुकलुकत होती. मी तिच्यात माझं नाव लिहिलं. लेसिएली.

ती जागा हलली. कळप तिच्यामागे निघाला.

मी धावत पुलापाशी गेले तोवर गाई शेडच्या अंगणात शिरल्या होत्या. एरु फाटकाशी होता, डोळ्यांत कौतुक. "लेसी! अगं, आज कशा आणल्यास! पाणी वाहावं तशा आल्या." त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर कळप होता आणि कळपापुढे माझं नाव होतं. "पुढे चाललीस ना आज? मी म्हणत होतोच, तुला जमेल."

मी म्हणाले, "जमलं."

पानगळीत सगळीकडे दूध आटतं. आमचं त्या महिन्यात आटलं नाही. शेजारपाजारचे विचारायला लागले. एरु सगळ्यांना सांगायचा, माझी बायको पुढे चालते. माझी बायको, असं त्याने आधी कधी एवढ्या मोठ्याने म्हटलं नव्हतं. मी गमबूट घालून घरातून निघायचे आणि काहिकातेआच्या झाडीत ओंडक्यावर बसून राहायचे. गाई येऊन गेल्या की मागून जायचे. मला काही करावंच लागत नव्हतं. हुहाना चालायची आणि नाव माझं व्हायचं. यात मला जे सुख मिळत होतं त्याची चव मी अजून विसरले नाही. गोड होती ती.

नॅन आली. फोटोला नाक टेकवलं, आणि नेहमीसारखी बोलायला लागली ती मध्येच थांबली. काचेवर हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुठे गेली गं ही?"

"कोण, नॅन?"

"आज ऐकत नाहीये. घरात कुणी नसताना हाका मारल्यासारखं होतंय." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बरी आहेस ना पोरी? उतरलीस. ये, पाव खा." त्या दिवशी तिने पहिल्यांदा फोटोआधी मला वाढलं. मी जिंकले होते.

रविवारी मी मांगेरेला गेले. बाबांचं प्रवचन होतं. बाबा गोष्ट सांगायला लागले की ऐकणाऱ्याला बसल्या जागी तहान लागते, आणि ऐन घोट घ्यायच्या वेळी ते भांडं काढून घेतात, गाणं उचलतात. मग अख्खं चर्च चार सुरांत उठतं आणि गोष्ट तशीच लटकत राहते. लहानपणापासून मी या लटकण्यावर जीव टाकत आले आहे. देव कुठे असेल तर तिथे, त्या थांबलेल्या श्वासात असेल, असं मला वाटतं.

त्या दिवशी त्यांनी आपल्या बेटावरच्या एका बाईची गोष्ट सांगितली. प्रार्थनेला जाताना आम्ही कमरेला चटई गुंडाळतो. हिची फाटकी होती. शेजारीण आजारी होती, तिची आजीच्या आजीपासून चालत आलेली जुनी, मऊ चटई खुंटीवर होती. ही ती नेसून गेली. वाटेत लोक वाकून नमस्कार करायला लागले. शेजारणीच्या नावाने हाका मारायला लागले. आंधळ्या म्हाताऱ्याने चटईला हात लावून आशीर्वाद दिला. हिने सगळं घेतलं.

"आता मला सांगा," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला, "चटई घरी परत गेली. पण लोकांनी दिलेलं सगळं चटईला चिकटलंय. आत जी बाई होती, तिला देवाने हाक मारायची तर कोणत्या नावाने?"

त्यांनी डोळे मिटून गाणं उचललं. चर्च उठलं. माझ्या तोंडातून सूर निघेना.

सोमवारी सकाळी एरु फाटकाशी म्हणाला, "काय गात होतीस गं? गोड होतं. बाबांचं का?"

"मी?"

"मग काय गाई? पुलापासून ऐकतोय मी."

मी झाडीत बसले होते. मी गायले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बसले नाही. धुक्यात कळपाच्या मागे चालत राहिले, कान देऊन. पुढून हाक येत होती. हुहानाची हाक मला आठवत होती, जाडसर, हसल्यासारखी. ही ती नव्हती. ही बारीक होती, शेवटाला थोडी चिरकणारी. मोबाइलमध्ये आपलाच आवाज ऐकताना जसं कानकोंडं होतं तसं मला झालं. आणि मग हाकेचं गाणं झालं. बाबांचंच. रविवारी माझ्या घशात अडकलेलं कडवं, पहिल्यापासून शेवटापर्यंत, माझ्या आवाजात, न चुकता.

मी पुढे जायला पाहिलं. गाई मध्ये. त्या मुद्दाम अडवत होत्या असं नाही, पण वाट अरुंद आणि कळप दाट. जेवढी मी वेगाने चालले तेवढाच तो चालला.

शेडमध्ये पेटीच्या पडद्यावर पुढे मी होते. लेसिएली. आणि मागे एक छोटी, वेडीवाकडी मोकळी जागा होती. तिच्यावर लिहिलं होतं: अनोळखी. नाव?

मी माझं नाव लिहिलं. पेटीने उत्तर दिलं: हे नाव आधीच दिलेलं आहे.

पुढचं नाव काढून टाकायचं तर ते एरुच्याही मोबाइलवर दिसणार. मग सांगावं लागणार. एरु, इतके दिवस गाई मी आणत नव्हते. कोण आणतंय ते तुला माहीत आहे. तो टोपी काढेल. असू दे म्हणेल. पुन्हा त्या पडद्यासमोर जाऊन उभा राहील. मी चौकट तशीच लुकलुकत ठेवली आणि टाकी धुतली.

हेही लक्षात आलं होतं की पुढे जे काही चालत होतं ते आता हुहाना नव्हतं. हुहानाला मी पुसलं होतं. तरी माझा जळफळाट कमी झाला नाही. उलट आता त्याला धरायला तोंड नव्हतं. एरु संध्याकाळी घरी यायचा आणि सकाळच्या गोष्टी काढून हसायचा, पुलावर तू ते काय म्हणालीस, फाटकाशी तू कसं वळून पाहिलंस. मी हसायचे. मला त्यातलं काही ठाऊक नसायचं. नवरा माझ्यावर नव्याने भाळत होता आणि मी जवळ बसून जळत होते.

शनिवारी चहा पिताना तो सहज म्हणाला, "पेटी दोन दिवस कटकट करत होती गं. कळपाच्या मागे मागे काहीतरी अनोळखी फिरतंय म्हणे. काढून टाकू का विचारत होती."

कप माझ्या हातात होता. "मग?"

"कुठलं तरी कुत्रं असेल. काढून टाकलं."

सांगायची वेळ तीच होती. तो समोर होता, पावाचा तुकडा चहात बुडवत होता, त्याचा चेहरा निवळलेला होता. आम्ही लग्न केल्यापासून मी तो एवढा निवळलेला पाहिला नव्हता.

मी म्हणाले, "बरं केलंस."

रविवारी मी चर्चला गेले नाही. गाई निघायच्या आधीच मी पुलावर जाऊन उभी राहिले, मधोमध, दोन्ही कठड्यांना हात लावून. जे पुढून येईल ते माझ्यासमोरून जाईल, एवढं मला हवं होतं. मला ते तोंड पाहायचं होतं.

धुकं पांढरं होतं. चरातलं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

गाणं जवळ आलं.

मग पहिल्या ओळीतल्या गाई दिसल्या. माना खाली, शांत. त्यांच्यापुढे चार-पाच हात मोकळी वाट. त्या वाटेत काही नव्हतं.

खोबरेल तेलाचा वास आला. लग्नाच्या सकाळी आईने माझ्या केसांना लावलं होतं, फुलं घालून उकळलेलं, ते. या घरात आल्यापासून मी तेल लावलं नव्हतं.

वास माझ्या अंगावरून गेला. गाणं माझ्या पाठीमागे गेलं.

गाई थांबल्या नाहीत.

मी ओरडले. हात पसरले. गाय माणसापासून अंतर राखते, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगत आले होते. एकीनेही मान वळवली नाही. पहिलीचा खांदा माझ्या छातीवर असा आला, जसा रिकाम्या वाटेवर येतो. मी कठड्यावर चढले आणि त्याला मिठी मारून लटकत राहिले. खालून उबदार पाठी जात राहिल्या.

पेटीने माझ्यासाठी जागा सोडणं बंद केलं, बाकी काही नाही. मी स्वतःला हे समजावलं. पट्ट्यांचा दोष. दुरुस्त होईल.

शेवटची गाय गेल्यावर उतरले आणि मागून गेले.

फाटकाशी एरु होता. त्याने वाकून कुणासाठी तरी वाट करून दिली आणि काहीतरी ऐकून हसला. डोकं मागे टाकून. तसा तो माझ्या बोलण्यावर कधी हसला नव्हता.

गाई आत गेल्या. मी चार पावलांवर आले होते. त्याच्या दाढीतले पाण्याचे थेंब मला दिसत होते.

"एरु," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. फाटक लावण्याआधी प्रत्येक शेतकरी बघतो तसं, डावीकडून उजवीकडे, वाटेच्या टोकापर्यंत. नजर माझ्यावरून गेली आणि परत आली.

त्याने फाटक ओढलं. साखळी अडकवली.

मग मान वळवून आत म्हणाला, "नाही गं, मागे कुणी राहिलं नाही."